हल्ल्याआधी काय घडते?

मनोरुग्णालयाच्या वॉर्डात एखाद्या रुग्णाने परिचारिकेवर हात उगारला, खिडकीची काच फोडली किंवा शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मारले, तर त्यामागचे कारण शोधण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. तो मनोरुग्ण आहे, एवढे कारण सगळ्यांना पुरते. बातमीत तेच छापले जाते, नातेवाईकही मान खाली घालून तेच मान्य करतात. एकदा हे कारण पटले की उपायही ठरलेले असतात. कुलूप, इंजेक्शन, हातपाय बांधणे आणि चार धट्टीकट्टी माणसे वॉर्डावर ठेवणे. या लेखाचे म्हणणे असे, की हे कारण अपुरे आहे आणि म्हणून हे उपायही बहुतांशी चुकीच्या जागी लागतात. आजार जमीन तयार करतो हे खरे, पण वॉर्डातला हल्ला प्रत्यक्ष घडतो तो आजारी माणूस आणि वॉर्डाची व्यवस्था यांच्यातल्या व्यवहारातून. त्या व्यवहाराला पायऱ्या असतात आणि त्या ओळखता येतात. ज्या घटनेच्या पायऱ्या ओळखता येतात ती बऱ्याचदा टाळताही येते, आणि टाळता येण्यासारखी असूनही टळली नाही तर तिचा सगळा भार रुग्णाच्या निदानावर टाकून मोकळे होता येत नाही.

आधी प्रमाण पाहू. तीव्र मनोविकारांच्या वॉर्डांतल्या हिंसेवर झालेल्या ३५ अभ्यासांतले सुमारे २४ हजार रुग्ण एकत्र धरून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. रुग्णालयात असताना एकदा तरी हिंसक कृत्य केलेल्या रुग्णांचे प्रमाण त्यात १७ टक्के निघाले. म्हणजे ढोबळमानाने सहांतला एक. वॉर्डात रोज आठ तास उभे राहणाऱ्या परिचारिकेच्या दृष्टीने हा आकडा मुळीच लहान नाही, आणि तिची भीती खोटी ठरवणारा कुठलाही युक्तिवाद प्रामाणिक असणार नाही. पण उरलेले पाच जण कुणाच्याही अंगावर जात नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. याच आढाव्यात धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणून पुढे आल्या त्या अशा: पुरुष असणे, स्किझोफ्रेनियाचे निदान, दारूचे व्यसन आणि मनाविरुद्ध दाखल केले जाणे. यातली शेवटची गोष्ट रुग्णाच्या मेंदूत नाही. ती त्याला वॉर्डात कसे आणले गेले याची गोष्ट आहे. शिवाय हिंसा एकाच दिशेने वाहत नाही. तीव्र मानसिक आजार असलेल्या लोकांचा शिकागोत अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. वर्षभरात त्यांच्यापैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक स्वतःच हिंसक गुन्ह्याला बळी पडले होते, आणि हे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या ११ पट होते. वॉर्डात येणारा माणूस मारण्याच्या तयारीने येतो त्यापेक्षा मार खाण्याच्या अनुभवाने येतो, ही शक्यता मोठी.

मग वॉर्डात ठिणगी पडते कुठे? २०१२ मध्ये या प्रश्नावरच्या ७१ अभ्यासांचा एकत्र विचार करून हिंसक प्रसंगाच्या लगेच आधी काय घडले होते याची वर्गवारी करण्यात आली. सर्वांत वर आला तो कर्मचारी आणि रुग्ण यांच्यातला व्यवहार. ३९ टक्के प्रसंग त्यातून सुरू झाले होते. त्या व्यवहारांतही एक प्रकार ठळक होता. रुग्णाच्या स्वातंत्र्यावर काही बंधन घातले गेले, किंवा त्याने काही मागितले आणि ते नाकारले गेले. सर्व पूर्वघटनांपैकी अंदाजे २५ टक्के एकट्या या प्रकारच्या होत्या. आजाराची लक्षणे, रुग्णांची आपापसांतली भांडणे ही कारणेही यादीत होतीच, पण नकार हा एकटा इतका मोठा हिस्सा उचलतो ही गोष्ट वॉर्डाकडे पाहण्याची नजर बदलायला लावणारी आहे.

हा नकार दिसतो कसा, हे कोणत्याही मोठ्या वॉर्डाच्या दिनक्रमावरून सांगता येते. सकाळी अमुक वाजता उठायचे, रांगेत गोळ्या घ्यायच्या, रांगेत चहा घ्यायचा. दुसरा कप मिळणार नाही. घरी फोन करायचा आहे, तर डॉक्टरांना विचारा. डॉक्टर राउंडला येतील तेव्हा येतील. तंबाखू बंद. अंगावर आपला शर्ट नाही. घरी कधी सोडणार, या प्रश्नाला 'बघू' एवढेच उत्तर. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते. बाहेरच्या माणसाला दिवसभरात असे चार नकार मिळाले तर तो दार ओढून घेऊन निघून जातो, टपरीवर चहा पितो, मित्राला फोन करतो. वॉर्डातल्या माणसाला निघून जाता येत नाही. राग शमवण्याचे आपण रोज वापरतो ते सगळे मार्ग त्याच्यासाठी एकाच किल्लीने बंद झालेले असतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ लिहिणाऱ्यांना याची जाण होती असे दिसते. त्यातल्या कलम २० मध्ये खासगीपणा, करमणूक, सकस अन्न, आपले स्वतःचे कपडे घालण्याची मुभा आणि सक्तीने डोके न भादरले जाण्याचा हक्क अशा गोष्टी आहेत. कलम २६ मध्ये भेटी घेण्याचा आणि योग्य वेळी फोन करण्याचा हक्क आहे. हे हक्क माणुसकीपोटी द्यायचे आहेतच, पण ती वॉर्डाच्या सुरक्षेचीही कलमे आहेत, असे वर दिलेल्या २५ टक्क्यांच्या आकड्याशेजारी ठेवून वाचले की लक्षात येते.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येतो, आणि तो वजनदार आहे. काही हल्ले थेट आजारातूनच येतात. 'समोरचा माणूस तुला मारणार आहे' असे सांगणारे आवाज ऐकू येणारा रुग्ण, अनेक रात्री न झोपलेला उन्मादाचा रुग्ण, दारू एकाएकी तुटल्यामुळे भ्रमात गेलेला रुग्ण, यांना कुणी काही नाकारले नसले तरी ते अंगावर धावून जाऊ शकतात. हे मान्यच केले पाहिजे. अशा वेळी नेमके निदान आणि वेळेवर औषध हाच हिंसेवरचा पहिला प्रतिबंध असतो. पण हा आक्षेप मान्य करूनही प्रश्न उरतो. आवाज दिवसाचे चोवीस तास ऐकू येत असतील, तर हल्ला जेवणाच्या रांगेत, औषधाच्या वेळी, फोनवरून झालेल्या वादात का होतो? आजार ही सततची स्थिती आहे आणि हल्ला हा एका क्षणाचा प्रसंग. सततच्या स्थितीने क्षणाचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही. शिवाय आजार वाढला असे जे दिसते ते कधी कधी उपचाराचेच देणे असते. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी काहींना अशी तगमग लागते की एका जागी बसवत नाही, पाय थांबत नाहीत. ही तगमग बिथरणे समजून औषधाचा डोस वाढवला, तर ती आणखी वाढते. रुग्णाला 'बसवत नाही म्हणजे नेमके काय होते' असे विचारणे हा इथे उपचाराचा भाग ठरतो.

आजार, नकार आणि बळ यांची साखळी कशी जुळत जाते याचे एक नोंदलेले उदाहरण इंग्लंडमधले आहे. डेव्हिड बेनेट हा ३८ वर्षांचा कृष्णवर्णीय रुग्ण नॉरिच इथल्या एका सुरक्षित मनोरुग्णालयात होता. ऑक्टोबर १९९८ मधल्या एका संध्याकाळी रुग्णांसाठीच्या टेलिफोनवरून त्याची दुसऱ्या रुग्णाशी बाचाबाची झाली. त्या रुग्णाने त्याला वर्णावरून शिव्या दिल्या आणि दोघांत मारामारी झाली. कर्मचाऱ्यांनी बेनेटला दुसऱ्या वॉर्डात हलवले. रात्र तिथेच काढायची आहे हे कळल्यावर त्याने एका परिचारिकेला ठोसे मारले. मग कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर पालथे दाबून धरले, सुमारे २५ मिनिटे. त्यातच त्याचा मृत्यू झाला. सर जॉन ब्लोफेल्ड यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र चौकशीने पुढे शिफारस केली की कोणालाही पालथे धरण्याची वेळ तीन मिनिटांपुढे जाता कामा नये. बेनेटला स्किझोफ्रेनिया होता आणि त्याने मारले, या दोन वाक्यांत हा प्रसंग संपवता आला असता. चौकशीने तसे केले नाही, म्हणून आपल्याला मधल्या पायऱ्या दिसतात. फोनवरचा वाद, वर्णद्वेषी अपमान, ज्याचा अपमान झाला त्यालाच हलवण्याचा निर्णय आणि मग वाईट बातमी. यातल्या प्रत्येक पायरीवर दुसरे काही करता आले असते. शेवटच्या पायरीवर मात्र करण्यासारखे फार थोडे उरले होते.

दुसरा आक्षेप परिचारिकांच्या आणि परिचरांच्या बाजूने येतो. 'म्हणजे मार आम्हीच खायचा आणि दोषही आमचाच?' हा संताप रास्त आहे. वॉर्डात रुग्ण ज्यांना मामा आणि मावशी म्हणतात ते परिचर, आणि शिफ्ट सांभाळणाऱ्या सिस्टर, हेच सगळ्यांत आधी तडाख्यात सापडतात. इंग्लंडमध्ये संशोधक जॉय डक्सबरी यांनी या विषयावर कर्मचारी आणि रुग्ण दोघांनाही विचारले, तेव्हा दोन वेगळी उत्तरे मिळाली. कर्मचाऱ्यांना कारण मुख्यतः आजारात दिसले, तर रुग्णांना वॉर्डाच्या वातावरणात आणि आपल्याशी होणाऱ्या बोलण्यात. दोघेही आपापल्या जागेवरून दिसते तेच सांगत होते. नकाराचा निर्णय बहुधा परिचारिकेचा नसतो. फोनचा नियम तिने केलेला नाही, घरी सोडण्याची तारीख तिच्या हाती नाही, चहा मोजून पाठवणारे स्वयंपाकघर तिच्या हुकमतीत नाही. पण नकार रुग्णाच्या तोंडावर सांगण्याचे काम तिचे, आणि त्याची प्रतिक्रिया झेलण्याचेही. व्यवहारातून हिंसा निघते असे म्हणण्यात परिचारिकेवर ठपका नाही. ज्यांनी नियम केले आणि ते सांगायला एकटीला पुढे ठेवले त्यांच्याकडे बोट आहे. 'आजारच तसा' या स्पष्टीकरणाने सगळ्यांत जास्त सुटका होते ती व्यवस्थापनाची, कारण मग मनुष्यबळ, प्रशिक्षण, गर्दी, इमारत यांचा हिशोब कुणी मागत नाही.

हल्ला ओळखता येतो, या विधानाला पुरावा आहे. नॉर्वेतल्या ब्रॉसेट इथे सहा मुद्द्यांची एक छोटी यादी तयार झाली. रुग्ण गोंधळलेला आहे का, चिडचिडा झाला आहे का, दंगा करतो आहे का, तोंडी धमकी देतो आहे का, अंगावर येण्याचा आविर्भाव आहे का, वस्तूंची मोडतोड करतो आहे का. प्रत्येकाला हो किंवा नाही. शिफ्टमधल्या सिस्टरने काही मिनिटांत भरायची ही यादी पुढच्या २४ तासांतला धोका सांगते. नुसता अंदाज कळून काय उपयोग, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर स्वित्झर्लंडमधल्या १४ वॉर्डांवरच्या प्रयोगाने २००८ मध्ये दिले. काही वॉर्डांना चिठ्ठ्या टाकून ही पद्धत देण्यात आली, काहींना नाही. जिथे धोक्याची नियमित नोंद होऊन गुणांप्रमाणे पावले उचलली गेली, तिथे गंभीर हल्ले ४१ टक्क्यांनी आणि सक्तीच्या उपायांची गरज २७ टक्क्यांनी कमी झाली. दोन्ही आकडे एकाच वेळी खाली आले, ही बाब महत्त्वाची. बांधले कमी म्हणून मारामाऱ्या वाढल्या असे झाले नाही. वेळेवर लक्ष गेल्यामुळे बांधण्याची वेळच कमी वेळा आली.

याहून व्यापक प्रयत्न लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले तेव्हाचे मनोरुग्ण परिचर्येचे प्राध्यापक लेन बॉवर्स यांचा. 'सेफवॉर्ड्स' या नावाने त्यांनी दहा साध्या गोष्टींचा संच तयार केला. रुग्ण आणि कर्मचारी यांनी एकमेकांकडून काय अपेक्षा आहेत त्या मिळून ठरवायच्या आणि भिंतीवर लावायच्या. दोघांनीही आपल्या आवडीनिवडींची थोडी माहिती एकमेकांना द्यायची, म्हणजे समोरचा नुसता 'खाट क्रमांक' किंवा नुसता गणवेश राहत नाही. नकार सांगायचा तर कसा सांगायचा याची भाषा ठरवायची. घरून वाईट बातमी आली आहे, सुट्टी रद्द झाली आहे, हे आधी हेरून रुग्णाला एकटे न सोडता सांगायचे. शिफ्ट बदलताना रुग्णाबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगायची. वॉर्डात काही झाले तर नंतर बाकीच्या घाबरलेल्या रुग्णांना धीर द्यायचा. बरे होऊन घरी जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहून ठेवायच्या. लंडन आणि परिसरातल्या १५ रुग्णालयांच्या ३१ वॉर्डांत याची चाचणी झाली. निम्म्या वॉर्डांत हा संच, उरलेल्यांत कर्मचाऱ्यांचे शारीरिक आरोग्य सुधारण्याचा कार्यक्रम. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी आणि बळाचे किंवा सक्तीचे उपाय २६.४ टक्क्यांनी घटलेले दिसले. या चाचणीवर टीकाही झाली. प्रसंगांची नोंद वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांनीच भरलेल्या तक्त्यांवरून झाली होती, आणि ठरलेल्या दहाही गोष्टी सगळीकडे नीट पाळल्या गेल्या नव्हत्या. म्हणून तो १५ टक्क्यांचा आकडा ब्रह्मवाक्य समजू नये. पण पुढे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातही हा संच वापरलेल्या वॉर्डांत वर्षभराने रुग्णाला एकटे कोंडण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी उतरले. दोन देशांत, दोन वेगळ्या व्यवस्थांत बाण एकाच दिशेला गेला आहे.

आता कुणी विचारील, की नकारामुळे हिंसा होते तर मग रुग्ण मागेल ते द्यायचे का? वॉर्ड नियमांशिवाय चालेल का? या शंकेचे चांगले उत्तर धूम्रपानबंदीने दिले. दक्षिण लंडनमधल्या मॉड्सली आणि त्याच्या सहयोगी मनोरुग्णालयांत पूर्ण धूम्रपानबंदी लागू करायची ठरली, तेव्हा मारामाऱ्या वाढतील अशी भीती सर्वत्र होती. बंदी आल्यावर दरमहा होणारे शारीरिक हल्ले उलट ३९ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. याचा एक उलगडा असा, की पूर्वी सिगारेट मिळेल की नाही, कधी मिळेल, कोण बाहेर घेऊन जाईल, यावर दिवसातून अनेकदा घासाघीस होत असे. प्रत्येक वेळी एक परिचारिका आणि एक तलफ आलेला माणूस समोरासमोर. नियम सगळ्यांना सारखा झाला, आधी सांगितला गेला, तलफेवर औषधाचा आधार दिला गेला, आणि रोजच्या भांडणाचा विषयच संपला. म्हणजे बंधन असण्याने आग लागते असे नाही. बंधन लहरीवर चालते, माणूस पाहून बदलते, कारण न सांगता लादले जाते, तिथे लागते. आपल्याकडे चहा, तंबाखू, फोन आणि भेटीची वेळ या चार गोष्टींचे नियम स्पष्ट लिहून भिंतीवर लावले आणि ते सर्व शिफ्टमध्ये सारखे पाळले, तर त्याला अंदाजपत्रकात वेगळी तरतूद लागणार नाही.

इमारतीला मात्र तरतूद लागते. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात २००६ साली जुन्या मनोरुग्णालयाच्या जागी नवे मनोविकार रुग्णालय उभे राहिले. प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि न्हाणीघर, गोंगाट कमी करणारी रचना, भरपूर उजेड, हलवता येतील अशा खुर्च्यांची मोकळी बैठक, सहज जाता येईल अशी बाग. रॉजर उलरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या आणि नव्या इमारतीची तुलना केली. नव्या इमारतीत रुग्णांना बांधण्याचे सरासरी प्रमाण निम्म्यावर आले आणि सक्तीची इंजेक्शने २१ टक्क्यांनी घटली. गर्दीचा परिणाम फिनलंडमधल्या १३ रुग्णालयांच्या अभ्यासातही स्पष्ट दिसला. खाटांपेक्षा रुग्ण जास्त झाले की कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांचा धोका वाढत होता. आता हे महाराष्ट्रासमोर ठेवू. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी आपली चार प्रादेशिक मनोरुग्णालये. मंजूर खाटा अनुक्रमे २,५४०, १,८५०, ९४० आणि ३६५. या संस्था वसाहतकाळात उभ्या राहिल्या, वेड्यांना समाजापासून दूर ठेवण्याच्या हेतूने. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या साहाय्याने देशातल्या ३७ मनोरुग्णालयांची पाहणी करून १९९९ मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यातल्या ३८ टक्के रुग्णालयांची रचना अजूनही तुरुंगासारखीच होती. जानेवारी २०२३ मध्ये त्याच आयोगाने देशातल्या सरकारी मनोरुग्णालयांच्या अवस्थेला अमानुष म्हटले. तुरुंगाच्या धर्तीवर बांधलेल्या जागेत माणसे कैद्यांसारखी आणि पहारेकऱ्यांसारखी वागू लागतात, यात नवल काही नाही.

तिसरा आक्षेप बांधण्याबद्दलचा आहे. बांधणे बंद केले तर कर्मचाऱ्यांचे रक्षण कोण करणार? हा प्रश्न १८३९ साली डॉ. जॉन कॉनोली यांनी लंडनजवळच्या हॅनवेल इथल्या मनोरुग्णालयात साखळ्या आणि पट्टे काढले तेव्हाही विचारला गेला होता. अलीकडचे उत्तर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचे आहे. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांनी १९९० ते २००० या दशकात एकटे कोंडण्याचे प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे ४.२ वरून ०.३ वर आणले. बांधण्याचे प्रमाण ३.५ वरून १.२ वर आले, आणि बांधून ठेवण्याचा सरासरी काळ सुमारे १२ तासांवरून २ तासांच्या आत आला. कर्मचाऱ्यांच्या दुखापतींची नोंद ज्या वर्षांची उपलब्ध होती, त्यांत रुग्णांच्या हल्ल्यांमुळे होणाऱ्या दुखापती लक्षणीय वाढल्या नाहीत. आपल्याकडे या प्रश्नाने सगळ्यांत भीषण रूप घेतले ते तमिळनाडूतल्या एरवाडीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे जागची हलू न शकल्याने गेली. २०१७ च्या कायद्याचे कलम ९५ साखळी कुठल्याही प्रकारे वापरण्यावर बंदी घालते. कलम ९७ रुग्णाला एकटे कोंडण्याला मनाई करते. बांधण्याला ते मुभा देते, पण तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरत्या वेळेसाठी आणि सतत देखरेखीखाली. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. आणि, आपल्याकडच्या परिस्थितीत सर्वांत बोचणारी तरतूद, केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही बांधता येत नाही.

इथे चौथा आणि सर्वांत व्यावहारिक आक्षेप उभा राहतो. स्वीडन आणि लंडनचे दाखले ठीक, पण रात्रपाळीला दोन-तीन माणसांवर भरलेला वॉर्ड सोपवणाऱ्या देशात ही चैन कशी परवडणार? यातले अर्धे खरे आहे. स्वतंत्र खोल्या उद्या मिळणार नाहीत. पण सहा मुद्द्यांची यादी, भिंतीवरचे नियम, शिफ्ट बदलताना केलेली दहा मिनिटांची बातचीत यांना परकीय चलन लागत नाही. आणि भारताला स्वतःची परंपरा आहे, ती आपणच विसरलो आहोत. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या कुटुंबांना आवारात तंबू ठोकून राहायला लावले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्राने १९५७ पासून रुग्णासोबत घरचे माणूस असण्याची पद्धत घालून दिली. कुटुंब जवळ असले की भाषा कळणारे, चिडण्याआधीच्या खुणा ओळखणारे आणि धीर देणारे माणूस चोवीस तास हाताशी असते, तेही पगाराशिवाय. घरचे माणूसच छळणारे असेल तर हा उपाय उलटतो, म्हणून तो सरसकट लादायचा नाही. औषधाच्या बाबतीतही वेल्लोरचे काम जगाला उपयोगी पडले आहे. अतिशय बिथरलेल्या रुग्णाला शांत करण्यासाठी स्वस्त आणि सहज मिळणारी कोणती औषधे वापरावीत, याच्या चाचण्या तिथल्या आकस्मिक विभागात झाल्या. त्यांच्या आणि ब्राझीलमधल्या चाचण्यांवरून हॅलोपेरिडॉल एकटे देण्यापेक्षा त्याला प्रोमेथाझिनची जोड देणे सुरक्षित असल्याचे दिसले, कारण नुसत्या हॅलोपेरिडॉलने मान आणि जबडा आखडण्याचा त्रास अनेकांना होतो. असा वेदनादायक अनुभव घेतलेला रुग्ण पुढच्या वेळी सुई पाहताच लढायला उभा राहिला, तर त्याला आजार म्हणायचे की आठवण?

गरिबीच्या युक्तिवादातला उरलेला अर्धा भाग मात्र शासनाला उद्देशून आहे. भरलेल्या पदांची संख्या वाढल्याशिवाय प्रेमळ बोलण्याचे प्रशिक्षण हा थट्टेचा विषय होईल. ज्या सिस्टरला एका हाताने औषधांची नोंद आणि दुसऱ्याने दाराची किल्ली सांभाळायची आहे, तिला रुग्णाशी बसून बोलायला वेळ कुठून येणार? आणि वॉर्ड रिकामे होण्याचा प्रश्नही यातच आहे. २०१९ मधल्या एका राष्ट्रीय पाहणीत ४३ सरकारी मनोरुग्णालयांतले ३६ टक्क्यांहून अधिक रहिवासी एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ तिथेच असल्याचे आढळले. यात बरे झालेले पण घरी कुणी न नेलेले अनेक जण आहेत. अशा माणसाला घरी कधी जायचे या प्रश्नाचे उत्तर 'बघू' असेच मिळत राहते, आणि त्याने अडवलेली खाट नव्याने आलेल्या, खरोखर तीव्र अवस्थेतल्या रुग्णाच्या वाट्याला गर्दी आणते. वॉर्डातली हिंसा कमी करण्याचा एक उपाय म्हणून वॉर्डाबाहेरच्या निवाऱ्यांकडे, जिल्ह्याच्या ठिकाणच्या उपचारांकडे आणि कुटुंबांना मिळणाऱ्या आधाराकडे पाहायला हवे. पोलिसांनी किंवा शेजाऱ्यांनी दोरीने बांधून आणलेला माणूस वॉर्डाच्या दारातच पहिला नकार घेऊन आत येतो.

हे सगळे एकत्र धरले तर निष्कर्ष कठीण नाही. काही हल्ले होतच राहतील, त्यांसाठी प्रशिक्षित माणसे, योग्य औषध आणि शेवटचा उपाय म्हणून थोड्या वेळाचे बळ लागणारच. पण जे हल्ले गर्दीतून, लहरी नियमांतून, न सांगितलेल्या कारणांतून, चुकीच्या डोसातून आणि अपमानातून उगवतात, ते रोखण्याचे ज्ञान आज उपलब्ध आहे. प्रत्येक हल्ल्यानंतर 'रुग्णाने काय केले' याआधी 'त्याच्या आधीच्या तासात वॉर्डात काय झाले' हे लिहिणारा एक स्तंभ नोंदवहीत घातला, तरी सुरुवात होईल. जखमी परिचराला उपचार आणि भरपाई, आणि मारणाऱ्या रुग्णाला नंतर शांतपणे विचारणा, या दोन्ही गोष्टी त्याच नोंदीतून निघतात.

कायद्याच्या कलम ९७ नुसार रुग्णाला बांधल्याची प्रत्येक घटना दरमहा मानसिक आरोग्य आढावा मंडळाला कळवायची असते. राज्य शासनाने हे आकडे रुग्णांची नावे वगळून रुग्णालयनिहाय दर वर्षी जाहीर करावेत, आणि त्यांच्या शेजारी कर्मचाऱ्यांना झालेल्या दुखापती व रिक्त पदे यांचेही आकडे छापावेत. आपले माणूस दाखल करताना वाचकांनीही तीन प्रश्न जरूर विचारावेत: इथे बांधतात का, कोणाच्या परवानगीने, आणि त्याची नोंद आम्हाला दाखवाल का? रुग्णाच्या वतीने नेमलेल्या नामनिर्देशित प्रतिनिधीला रुग्णाला बांधल्याचे २४ तासांच्या आत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे हे प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे. ज्या रुग्णालयाला या प्रश्नांची उत्तरे सहज देता येतात, तिथे परिचारिकाही अधिक सुरक्षित असण्याची शक्यता मोठी आहे.